चहावरचा ‘डास’ आणि आमची काजूची बाग

सिंगापूरचे सकाळचे साडेनऊ म्हणजे आमच्या गावचे सात. दर रविवारी या वेळेला मी आणि बाबा व्हिडिओ कॉलवर एकत्र चहा घेतो. ते कुडाळ तालुक्यातल्या घराच्या पडवीत आणि मी इथे चोआ चू कांगमध्ये, बाराव्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात. गेली सात-आठ वर्षं हा नेम सहसा चुकलेला नाही. बोलणं ठरलेलं असतं: पाऊस, पाण्याची मोटर, आईचे गुडघे आणि काजू.

दोन वर्षांपूर्वी जानेवारीत बाबांनी चहाचा कप बाजूला ठेवला आणि फोन घेऊन सरळ बागेत गेले. काही न बोलता त्यांनी कॅमेरा एका फांदीवर धरला. कोवळे शेंडे काळपट पडलेले, मोहोर जाळावर धरल्यासारखा करपलेला.

“यंदा मोहोर गेलो रे. ढेकण्यान खाल्ल्यान.”

ढेकण्या हा शब्द मी लहानपणापासून ऐकत आलोय. पण त्या दिवशी पहिल्यांदा त्याची नीट माहिती शोधली आणि कळलं की याचं इंग्रजी नाव ‘टी मॉस्किटो बग’ आहे. शब्दशः चहाचा डास! मी सॉफ्टवेअरवाला, ‘बग’ हा शब्द दिवसातून पन्नास वेळा कानावर पडतो. पण हा बग खराखुरा होता, आणि तो एकाच वेळी माझ्या कपातल्या चहाशी आणि बाबांच्या काजूशी जोडलेला होता. तेव्हापासून या विषयावर जे वाचलं, आणि स्वतःच्या चुकीतून जे कळलं, ते इथे मांडतोय. चहा आपण सगळेच पितो. आणि आपल्यापैकी बऱ्याच जणांची गावाकडे थोडी का होईना, बाग आहे.

हा डास नाहीच

नावात डास असला तरी हा डास नाही. ढेकणाच्या जातकुळीतला, लांब पायांचा, सडपातळ किडा आहे. पाठीवर टाचणीच्या डोक्यासारखा एक उभा काटा असतो, त्यावरून तो ओळखता येतो. आसामच्या चहावर प्रामुख्याने दिसणारी जात हेलोपेल्टिस थीव्होरा, आणि आपल्याकडच्या काजूवरची हेलोपेल्टिस अँटोनी. दोघी सख्ख्या बहिणीच म्हणा.

हा किडा सोंड खुपसून कोवळ्या पानातला रस शोषतो. नुसता रस गेला असता तर झाड सावरलं असतं, पण त्याची लाळ विषारी असते. जिथे टोचलं तिथे तपकिरी डाग पडतो, डाग एकमेकांत मिसळतात, पान आक्रसतं आणि शेंडा वाळतो. मादी अंडी घालते तीही कोवळ्या देठाच्या आत. बाहेर फक्त केसासारखे दोन बारीक तंतू दिसतात. म्हणजे वरून कितीही औषध मारा, आतली अंडी बहुधा सुरक्षितच राहतात.

चहाच्या बाबतीत अडचण अशी की आपल्याला जे हवं, नेमकं तेच याला हवं. दोन पानं आणि एक कळी. आंब्याच्या झाडाची चार पानं किडीने खाल्ली तरी आंबा मिळतो. चहात पान हेच पीक. त्यामुळे किडीचा प्रत्येक घास थेट उत्पन्नातून जातो.

आणि हा एकटा नाही. कोरड्या दिवसांत, मार्च ते मे, लाल कोळी जुन पानांवर येतो आणि हिरवा मळा तांबूस दिसायला लागतो. (कोळी म्हणजे तसा कीटक नव्हे, त्याला आठ पाय. पण नुकसान करताना पायांची संख्या आड येत नाही!) फुलकिडे आणि तुडतुडे आहेत. उंटअळीसारखी पाठ उचलत चालणारी लूपर अळी तर पानंच्या पानं फस्त करते. मुळाखोडाला वाळवी आहे. श्रीलंकेत आणि दक्षिण भारतात फांदी पोखरणारा एक बारीक भुंगा आहे, तो बोगद्यात स्वतःच्या खाण्यासाठी बुरशी वाढवतो. जगभरात चहावर जगणाऱ्या कीटक-कोळ्यांच्या हजाराहून जास्त जातींची नोंद आहे. काहीच उपाय केला नाही तर नुकसान ११ ते ५५ टक्क्यांपर्यंत जातं, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे.

भारतात २०२३ मध्ये सुमारे १३९ कोटी किलो चहा झाला, २०२४ मध्ये तो १२८ कोटींच्या आसपास उतरला. याला किडी एकट्या जबाबदार नाहीत. उष्णता, लहरी पाऊस आणि टी बोर्डाने ३० नोव्हेंबरलाच बंद केलेला हंगाम, ही मोठी कारणं होती. पण ऊन वाढलं, पाऊस लांबला की किडींचेही दिवस वाढतात.

सात दिवसांचं गणित

मग फवारणी आलीच. इथे चहाचं दुसरं वैशिष्ट्य आडवं येतं. हंगामात एकाच झुडपाची खुडणी साधारण सात दिवसांनी पुन्हा होते. खुडलेलं पान धुतलं जात नाही. ते सुकवतात, मशीनमधून दळतात, आंबवतात, वाळवतात आणि पाकिटात भरतात. त्या पानावर पहिल्यांदा पाणी पडतं ते आपल्या भांड्यात. म्हणून फवारणी आणि खुडणी यांत पुरेसे दिवस गेले नाहीत तर औषधाचा अंश कपापर्यंत येऊ शकतो.

२०१४ मध्ये ग्रीनपीसने भारतातल्या ब्रँडेड चहाचे ४९ नमुने तपासले आणि त्यातल्या ४६ मध्ये कुठल्या ना कुठल्या कीटकनाशकाचा अंश सापडल्याचं सांगितलं. टी बोर्डाचं म्हणणं होतं की हे नमुने भारतीय नियमांत बसतात. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. अंश सापडणं वेगळं आणि मर्यादा ओलांडणं वेगळं, हे अशा बातम्या व्हॉट्सॲपवर पुढे ढकलताना आपण विसरतो.

त्यानंतर नियम कडक होत गेले. कुठली औषधं, किती आणि कधी, हे सांगणारी टी बोर्डाची आचारसंहिता आली. २०२३ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने आणखी पाच औषधांच्या कमाल मर्यादा ठरवल्या. चहावर अजिबात चालणार नाहीत अशा वीस औषधांची यादी निघाली. हे सगळं योग्यच आहे. पण याचा भार कोणावर पडला ते बघा.

डोळ्यांसमोर आपल्या चहाचा मळा म्हणजे ब्रिटिश काळातली शेकडो एकरांची इस्टेट असते. आज भारतातला निम्म्याहून जास्त चहा लहान उत्पादकांकडून येतो. त्यांच्यापैकी पुष्कळांकडे काही बिघेच जमीन असते. फॅक्टरी त्यांची नसते. ते हिरवं पान एजंटमार्फत ‘बॉट लीफ फॅक्टरी’ला विकतात. २०२४ मध्ये आसाममधल्या या फॅक्टऱ्यांच्या संघटनेने जाहीर केलं की १ जूनपासून नियमात बसणारं पान असेल तरच घेऊ, नाहीतर खरेदी बंद. त्यांचंही चुकत नव्हतं, कारण तयार चहाचा नमुना नापास झाला तर कारवाई त्यांच्यावर होते. सरकारच्या मध्यस्थीने खरेदी चालू राहिली, पण प्रश्न तिथेच आहे. दहा जणांचं पान एका ट्रकमध्ये मिसळल्यावर कोणी काय मारलं होतं, हे शोधायचं कसं? आमच्या भाषेत सांगायचं तर लॉगच नाही, आणि दोष शेवटच्या माणसाच्या माथी.

सिंगापूरला हे प्रश्न पानाच्या टोकाला दिसत नाहीत, प्रयोगशाळेत दिसतात. इथलं नव्वद टक्क्यांहून जास्त अन्न बाहेरून येतं, त्यामुळे तपासणी हीच यांची राखण. एप्रिल २०२४ मध्ये इथल्या फूड एजन्सीने एका भारतीय कंपनीचा फिश करी मसाला एथिलीन ऑक्साइडमुळे परत मागवला, तेव्हा आमच्या ब्लॉकमधल्या प्रत्येक मराठी घरात फडताळं उघडून पाकिटं तपासली गेली. माझंही उघडलं गेलं. आपल्या पोटात काय जातंय हे विचारणं बरोबरच आहे. पण पुढचा प्रश्न मी तेव्हा विचारला नव्हता: ज्याने हे फवारलं, त्याच्या पोटात काय गेलं?

कपात काही सापडत नाही, तेव्हा

हा प्रश्न काजूने विचारायला लावला. काजूगर कवचाच्या आत असतो. ढेकण्यासाठी फवारलेलं औषध पानावर, मोहोरावर, कवचावर पडतं. खाणाऱ्याला धोका चहाच्या मानाने कमी, म्हणून काजूच्या फवारणीबद्दल परदेशातला ग्राहक फारसा ओरडत नाही. आणि ग्राहक ओरडला नाही तर काय होऊ शकतं, हे केरळच्या कासरगोडने पाहिलंय.

तिथे सरकारी प्लांटेशन कॉर्पोरेशनच्या सुमारे साडेचार हजार हेक्टर काजूवर सत्तरच्या दशकाच्या अखेरीपासून २००० पर्यंत हेलिकॉप्टरमधून एंडोसल्फान फवारलं जात होतं. कोणासाठी? याच ढेकण्यासाठी. डोंगरावर बागा, उतारावर वस्त्या, आणि मधे उघड्या विहिरी नि ओढे. गावांत जन्मजात व्यंगं, मेंदूचे आणि त्वचेचे आजार वाढल्याचं लोक सांगू लागले. १९९८ मध्ये कृषी खात्यातच काम करणाऱ्या लीलाकुमारी अम्मा कोर्टात गेल्या. नेमका कुठला आजार कशामुळे झाला यावर तज्ज्ञांमध्ये वर्षानुवर्षं वाद झाले. शेवटी मे २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देशभर एंडोसल्फानवर अंतरिम बंदी घातली आणि जानेवारी २०१७ मध्ये केरळ सरकारला प्रत्येक पीडिताला पाच लाख रुपये द्यायला सांगितलं.

तो काजू खाणाऱ्यांपैकी किती जणांना हे माहीत होतं? त्यांच्या ताटात काही सापडलंच नव्हतं.

त्याच २०१७ साली आपल्या यवतमाळमध्ये कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो रुग्णालयात होते. त्या कापसाचा शर्ट घालणाऱ्याला काहीच झालं नाही. कीड वेगळी, पीक वेगळं, पण गोष्ट तीच. अंशमर्यादा नावाची जी व्यवस्था आहे, ती पिणाऱ्याचं आणि खाणाऱ्याचं रक्षण करते. फवारणाऱ्यासाठी आणि त्याच्या शेजाऱ्यासाठी ती बनवलेलीच नाही. आणि आपण अनिवासी मंडळी फक्त पिणाऱ्यांच्या बाजूला नाही. आपले वडील, काका, भाऊ पंप पाठीवर घेऊन दुसऱ्या बाजूला उभे आहेत.

माझी चूक

त्या जानेवारीत मोहोर गेल्यावर मी अस्सल इंजिनीअरसारखा वागलो. कोकणात काजूसाठी पालवी, मोहोर आणि फळधारणा अशा तीन टप्प्यांवर फवारणीची शिफारस असते, एवढं वाचलं आणि पुढचं ‘प्रादुर्भाव बघून’ वगैरे सोडून दिलं. पुढच्या हंगामासाठी फोनच्या कॅलेंडरमध्ये तारखा टाकल्या, बाबांना रिमाइंडर जाईल अशी सोय केली आणि एचटीपी पंपासाठी पैसे पाठवले. बाबा म्हणाले, “तू थयसून माका शिकवू नको.” पण पैसे मुलाने पाठवलेत म्हणून त्यांनी तारखा पाळल्या.

दुसऱ्या फवारणीला गडी आला नाही. बाबांनी एकट्यानेच पंप चालवला. काजूचं झाड उंच, नोझल वर धरायचं, आणि फवारा वाऱ्याबरोबर परत तोंडावर. गमछा हाच मास्क. संध्याकाळी डोळे चुरचुरायला लागले, मग मळमळ, घाम, चक्कर. आईने शेजारच्या पोराला हाक मारून रिक्षाने तालुक्याला नेलं. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, “औषध कुठलं मारलं?” ते कोणालाच सांगता येईना. दुकानदाराने दोन औषधं एकत्र करून ‘हे जोरदार आहे’ म्हणत जुन्या बाटलीत दिली होती. लेबल नाही, आणि धोका किती ते सांगणारा लाल-पिवळा त्रिकोणही नाही.

दोन दिवसांत बाबा घरी आले. मला हे तिसऱ्या दिवशी सांगितलं, ‘तू उगाच तिकीट काढशील’ म्हणून. मी ऑफिसातून बाहेर येऊन स्टेशनजवळच्या बाकावर बराच वेळ बसून राहिलो. कॅलेंडरमधली तिसऱ्या फवारणीची तारीख अजून फोनवर दिसत होती.

आपण मराठीत त्याला ‘औषध’ म्हणतो. आजारी झाडाला औषध. या एका शब्दामुळेही आपल्या घरातली माणसं ते हाताने ढवळत असतील, असं आता वाटतं.

चोआ चू कांगचे डास

गंमत म्हणजे, किडीशी कसं वागावं याचा धडा माझ्या दाराबाहेरच होता. आमच्या ब्लॉकच्या कॉरिडॉरमध्ये एक काळं नळकांडं ठेवलेलं असतं. आत गवत भिजवलेलं पाणी आणि चिकट अस्तर. अंडी घालायला आलेली एडिसची मादी त्यात अडकते. पर्यावरण एजन्सीची माणसं येऊन अडकलेल्या डासिणी मोजतात. बेटभर असे हजारो सापळे आहेत. कुठे डास वाढलेत हे त्यातून कळतं, आणि कारवाई तिथे होते. दिसेल तिथे धूर मारणं हा इथे पहिला उपाय समजत नाहीत. आधी साचलेलं पाणी शोधा, कुंडीखालची ताटली उलटी करा, असं सांगतात.

२०१६ पासून सिंगापूरने आणखी एक प्रयोग चालवलाय. वोल्बाकिया नावाचा जीवाणू असलेले नर डास वस्तीत सोडायचे. नर चावत नाहीत. त्यांच्याशी मीलन झालेल्या मादीची अंडी उबत नाहीत. आमचं चोआ चू कांगही या योजनेत आलं. अशा भागांत एडिसची संख्या ८० ते ९० टक्क्यांनी घटली, असे इथले आकडे आहेत.

हे जसंच्या तसं कोकणात नेता येणार नाही, हे मलाही कळतं. हे एक श्रीमंत शहर आहे, इथे एका खात्याच्या हाताखाली सगळं येतं. पण मोजल्याशिवाय मारायचं नाही, ही त्यातली पहिली पायरी स्वस्त आहे. महाराष्ट्राला ती नवीनही नाही. २००८ मध्ये विदर्भात सोयाबीनवर अळी उठल्यानंतर २००९-१० पासून राज्याने ‘क्रॉपसॅप’ सुरू केलं, ते म्हणजे शेतात जाऊन कीड मोजणं आणि त्यावरून सल्ला देणं. टी बोर्डाची संहिताही हेच सांगते, की किडीने नुकसानीची पातळी ओलांडली तरच फवारा.

न मोजता मारल्याने काय होतं, याचं जुनं उदाहरण श्रीलंकेत आहे. तिथे चहाची पानं गुंडाळणारी एक अळी होती. १९३० च्या दशकात जावाहून एक छोटी परोपजीवी गांधीलमाशी आणून सोडली आणि ती अळी आटोक्यात आली. पुढे पन्नाशीच्या दशकात फांदी पोखरणाऱ्या भुंग्यासाठी डिल्ड्रिन फवारलं, त्यात ही उपकारी माशी मेली आणि दबलेली अळी पुन्हा उसळली. एक बग काढताना दुसरा उघडा करणं, आमच्या धंद्यात हे रोजचंच. फरक एवढाच, की आम्हाला जुनी आवृत्ती परत आणता येते.

काजूचे राखणदारही बागेतच असतात. पानं शिवून घरटी करणाऱ्या तांबड्या मुंग्या ढेकण्याला हुसकावतात, हे ऑस्ट्रेलियातल्या काजूबागांत अभ्यासून पाहिलंय. जावात कोकोच्या मळ्यांत याच कुळातल्या किडीसाठी काळ्या मुंग्या जोपासत. आमच्या बागेत तांबड्या मुंग्या होत्या. चावतात म्हणून आम्ही लहानपणी त्यांना शिव्या द्यायचो. माझ्या कॅलेंडरने त्यांनाही मारलं.

आपण काय करू शकतो

उपदेश करण्याचा अधिकार मला नाही, पण चूक करून बसलोय म्हणून तीन गोष्टी सुचवतो.

एक, गावाकडे पैसे पाठवताना पंपाच्या आधी माणसाचे पैसे पाठवा. आठवड्यातून एकदा बागेत फिरून शेंडे मोजणाऱ्या माणसाची मजुरी ही फवारणीच्या एका फेरीपेक्षा स्वस्त पडते. फवारायचंच झालं तर दोन माणसं, हातमोजे, चष्मा, मास्क, आणि वाऱ्याला पाठ.

दोन, लेबल नसलेली बाटली घरात येऊ देऊ नका. प्रत्येक औषधाच्या डब्याचा फोटो फॅमिली ग्रुपवर टाकायला सांगा. वेळ आली तर तो फोटो डॉक्टरांना लागतो. एकच औषध दर वेळी न मारता बदलून मारायचं, हेही त्या फोटोंमुळे लक्षात राहतं. सल्ला दुकानदाराऐवजी कृषी सहायकाकडून किंवा दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाकडून, त्यांच्या वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राकडून घ्या.

तीन, चहा विकत घेताना ‘अंश नाही ना’ एवढंच विचारून थांबू नका. लहान उत्पादकाकडे फवारणीची नोंदवही, प्रशिक्षण आणि संरक्षक कपडे पोहोचायचे तर त्याच्या पानाला भाव मिळायला हवा. सर्वात स्वस्त पाकीटही हवं आणि सर्वात स्वच्छ पानही हवं, या दोन्ही मागण्या त्याच्यावर एकत्र टाकून चालणार नाही.

मागच्या हंगामात बाबांनी कॅलेंडर बंद केलं. पालवी फुटल्यापासून दर शनिवारी दहा झाडं निवडून ते शेंडे मोजतात आणि डाग पडलेले किती, ते वहीत लिहितात. आकडा घेऊन कृषी सहायकाला फोन करतात. फवारणी तीनऐवजी एकदा झाली, तीही बागेच्या एका कोपऱ्यात, आणि गड्याला सोबत घेऊन. काजू भरघोस आला असं म्हणणार नाही, शेजारच्यांएवढाच आला. औषधाचा आणि डिझेलचा खर्च मात्र वाचला, आणि दवाखान्याची पायरी चढावी लागली नाही.

परवाच्या रविवारी ते वही कॅमेऱ्यासमोर धरून आकडे वाचून दाखवत होते. मी इथे एक्सेलमध्ये भरून घेत होतो. मधेच थांबून म्हणाले, तांबड्या मुंग्यांचं एक घरटं आंब्याजवळच्या काजूवर पुन्हा दिसलंय. हात लावायला गेले तर कडकडून चावल्या.

चहा निवत होता, दोघांचाही. वाचून झाल्यावर मग घेतला.